रेघेतली माणसं: मोठ्यांसाठीच्या ॲनिमेशन मालिकांचा आढावा

'विनलँड सागा' या जपानी ॲनिमेशन मालिकेचं दुसरं पर्व 2023 मध्ये आलं, 24 भागांचं. पहिल्या पर्वात बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला व्हायकिंग पोरगा या पर्वात गुलाम होऊन एका जमीनदाराच्या शेतावर येतो. मग भागामागून भाग तो आणि दुसरा एक गुलाम झाडं तोडतात, बुंधे उपटतात, एका म्हाताऱ्याकडून घोडा आणि नांगर मागून आणतात, बदल्यात त्याच्या वावरात राबतात आणि गहू पेरतात. कोंब वर येतात. मालकाच्या इतर गड्यांना हे बघवत नाही आणि ते पीक उखडून टाकतात. उन्हाळ कांद्याचं रोप एका गारपिटीत आडवं झालेलं ज्यानं पाहिलंय, त्या कळवणच्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. तरीही घरात कुणी विचारलं की काय बघतोयस, तर उत्तर एकच असतं: कार्टून.

या उत्तरात थोडी लाज असते. मिसरूड फुटलेल्या माणसानं चित्रातल्या माणसांसाठी डोळे पुसावेत हे आपल्याकडे अजून पचलेलं नाही. ही लाज कुठून आली आणि या मालिकांमध्ये असं काय आहे की संसारी माणूस त्यांत अडकतो, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. या मालिकांची खरी ताकद रक्तात, शिव्यांत किंवा डोळे दिपवणाऱ्या लढायांत नाही. केलेल्या गोष्टीचे परिणाम माणसाला किती वर्षं पुरतात हे त्या सबुरीनं दाखवतात, आणि सध्याच्या पडद्यावर इतकी सबुरी फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

आधी त्या इथवर आल्या कशा ते पाहू. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, मोबाईलचा डेटा स्वस्त झाला, आणि नाशिक-पुण्याची पोरं जे बघत होती ते कळवण तालुक्यातल्या अभोण्यात, कनाशीत, दळवटला त्याच रात्री बघता येऊ लागलं. त्याआधीही जपानी चित्रं आपल्या घरात येऊन गेली होती, फक्त त्यांचं गाव कुणी विचारलं नव्हतं. दूरदर्शनवर रविवारी लागणारं 'जंगल बुक' मुळात 1989 चं जपानी काम. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, शीर्षकगीत गुलजारांचं, म्हणून ते आपलंच वाटलं. मग 2008 पासून 'छोटा भीम' आला, पाठोपाठ 'मोटू पतलू', आणि कार्टून म्हणजे जेवताना पोराच्या पुढ्यात लावून द्यायची गोष्ट हे समीकरण घट्ट झालं. हल्ली जपानी मालिकांना हिंदी, तमिळ, तेलुगू आवाज मिळतात. मराठीच्या वाट्याला जवळजवळ काहीच आलेलं नाही. आपल्याकडचा प्रेक्षक हिंदी समजून घेतो, हा व्यापाऱ्याचा हिशेब.

गंमत अशी की महाराष्ट्रात हलत्या चित्रांची सुरुवात मुलांसाठी झालीच नव्हती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं करायला आधी एक छोटी फिल्म केली होती: कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल होईपर्यंतची. रोज थोडं थोडं चित्रण करून ते सलग दाखवायचं, ही एकेका चौकटीची शिस्त म्हणजेच ॲनिमेशनचा पाया. पहिल्या महायुद्धात कच्ची फिल्म मिळेना, तेव्हा 1915 मध्ये त्यांनी आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. तिची प्रत आज नाही. नाशिक जिल्ह्याच्या या माणसाला आपण सिनेमाचा जनक म्हणतो, पण भारतीय ॲनिमेशनचं पहिलं पानही त्याच्याच नावावर आहे हे शाळेत कुणी सांगत नाही. पुढे 1934 मध्ये प्रभात कंपनीनं 'जंबू काका' नावाची बोलती व्यंगचित्रफीत काढली.

त्यानंतरचा काळ तर सरकारी आणि पूर्ण प्रौढांचा. मुंबईत फिल्म्स डिव्हिजननं 1956 मध्ये कार्टून विभाग सुरू केला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि 1957 मध्ये 'द बनियन डीअर' ही जातककथा तयार झाली. राम मोहन, जी. के. गोखले, प्रमोद पती, व्ही. जी. सामंत ही मंडळी त्या विभागाची. कुटुंबनियोजन, बचत, एकात्मता, लाचखोरी असले विषय थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवले जायचे, आणि बिडी विझवून आत आलेले बापे ते मुकाट बघायचे. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाला पडद्यावर चालवणारं 'यू सेड इट' राम मोहन यांनी 1972 मध्ये केलं. 'भुवन शोम' आणि 'शतरंज के खिलाडी' या गंभीर सिनेमांतले चित्रांचे तुकडेही त्यांचेच. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी 1974 मध्ये 'एक अनेक और एकता' केलं. ते मात्र मुलांसाठी होतं, आणि लोकांच्या आठवणीत नेमकं तेवढंच राहिलं. सामंतांचं नाव पुढे 2005 च्या 'हनुमान' सिनेमावर दिग्दर्शक म्हणून दिसतं. सरकारी उपदेशातून निघालेली वाट थेट बालगोपाळांच्या सुट्टीत जाऊन पोचली. मधला टप्पा, म्हणजे मोठ्या माणसाला उपदेश न करता गोष्ट सांगणं, आपण ओलांडलाच नाही, गाळला.

सिनेमाही बाजूला ठेवू. कळवण, सुरगाणा, पेठच्या आदिवासी पट्ट्यात होळीनंतर बोहाडा होतो. संबळ आणि सनई, मशालीचा किंवा आता विजेच्या दिव्यांचा उजेड, आणि रंगवलेले मुखवटे घालून एकामागून एक सोंगं येतात. गणपती येतो, सरस्वती येते, राक्षस येतात, शेवटी देवी येते. मुखवट्याचा चेहरा रात्रभर बदलत नाही. बदलते ती चाल, मानेचा झोक आणि संबळाची लय. तरी बघणाऱ्याला राग कळतो, भीती कळते. हे कुणी मुलांसाठी म्हणून करत नाही. मुलं असतातच, पण अंगात येतं ते मोठ्यांच्या. सप्तशृंगगडावरची देवी अठरा हातांची आहे, दगडात कोरलेली. तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला ते अठरा हात एकदाही खोटे वाटत नाहीत. हाडामांसाच्या नटीला सोळा जास्तीचे हात चिकटवून पाहा, पौराणिक मालिकांत ते आपण पाहिलेलं आहे, आणि हसू आलं तरी देवीचं नाव असल्यामुळे दाबलेलंही आहे. कोरलेला, रंगवलेला, रेखाटलेला देह पहिल्यापासूनच सांगतो की मी खरा देह नाही. त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच निकालात निघतो आणि माणूस सरळ गोष्टीत शिरतो.

मोठ्यांच्या ॲनिमेशनचं बरंचसं आकर्षण इथे आहे. नट दिसला की त्याच्याबरोबर त्याची जाहिरात, त्याचं लग्न, त्याचा मागचा सिनेमा सगळं येतं. रेघेतल्या माणसाला मागचं पुढचं काही नसतं. तो या गोष्टीपुरताच जन्मलेला. शिवाय तो दहा वर्षांचा असताना एक नट, पंचविसाचा झाल्यावर दुसरा नट ही कसरत नाही. तोच चेहरा आपल्यासमोर मोठा होतो, सुकतो, दाढी वाढवतो.

न हलणाऱ्या चेहऱ्याची ही मुखवट्याची युक्ती जपान्यांना गरिबीतून सापडली. ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' 1 जानेवारी 1963 ला दूरचित्रवाणीवर आली. दर आठवड्याला एक भाग द्यायचा तर पैसा आणि माणसं पुरणार नाहीत, म्हणून चित्रं कमी काढायची, चेहरा स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे, एकच चित्र धरून ठेवून मागे आवाज भरायचा, असे मार्ग निघाले. सिनेमाच्या सेकंदात 24 चौकटी असतात. तीन चौकटींना एक चित्र धरलं तर आठ चित्रांत काम भागतं. तरी वीस मिनिटांच्या भागाला नऊ हजार सहाशेपर्यंत चित्रं लागू शकतात, म्हणून स्थिर चित्राचा आधार आणखी घ्यावा लागला. या काटकसरीतून एक शैली घडली: न हलणारा चेहरा, लांबलेली शांतता, खिडकीबाहेरचा पाऊस. बोहाड्याच्या मुखवट्याला जे संबळ देतो ते इथे पार्श्वसंगीत देतं. पुढे पैसा आला, पण शांततेची सवय काही दिग्दर्शकांनी सोडली नाही. इसाओ ताकाहाता यांचा 1988 चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' युद्धात उपाशी मरणाऱ्या भावाबहिणीची गोष्ट सांगतो. तो एकदा बघितलेली माणसं दुसऱ्यांदा बघायला धजत नाहीत. तो सिनेमा आहे, मालिका नाही, पण चित्रातलं मूल मेलं तर काय होतं हे ज्याला कळत नाही त्यानं तिथून सुरुवात करावी.

मालिकांपैकी तीन मी कळवणच्या वाचकाला मुद्दाम सुचवेन, आणि तिन्ही लोकप्रियतेच्या यादीत वरच्या नंबरावर नाहीत.

'मुशिशी' 2005 ची, 26 भागांची. गिंको नावाचा एक भटका वैद्य डोंगरातल्या गावागावांतून फिरतो. कुणाला ऐकू येईनासं झालंय, कुणाची स्वप्नं खरी होतायत. कारण असतात 'मुशी' नावाचे अदृश्य जीव. ते वाईट नसतात, चांगलेही नसतात, त्यांना फक्त जगायचं असतं. गिंको कधी उपाय करतो, कधी हात टेकतो आणि पुढच्या गावाला निघतो. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचं व्रत धरलेली माणसं पावरीच्या सुरावर रात्र जागवताना ज्यांनी पाहिली आहेत, भगताकडे जाण्यामागे नुसता अडाणीपणा नसतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ही मालिका परकी वाटणार नाही. डोंगराशी देवाणघेवाण कशी करायची, हाच तिचा विषय.

'सिल्व्हर स्पून' 2013-14 ची. शहरी अभ्यासू मुलगा होक्काइदोतल्या शेतकी शाळेत येतो. मूळ लेखिका हिरोमू आराकावा स्वतः दुग्धव्यवसायातल्या घरातली, त्यामुळे गोठ्याचा वास, पहाटेची कामं, कर्जात बुडालेला शेजारी, यांत कुठेही बाहेरून आल्यासारखं वाटत नाही. मुलगा एका मरतुकड्या डुकराच्या पिल्लाला नाव देतो, वाढवतो, आणि ते कत्तलीला गेल्यावर त्याचं सगळं मांस स्वतःच्या पैशानं विकत घेतो. ना रडारड, ना उपदेश. शेतीवर बेतलेल्या आपल्या किती मराठी मालिकांत नायकाच्या बोटाला माती लागलेली दिसली?

तिसरी 'मॉन्स्टर', 2004-05 ची, 74 भागांची. जर्मनीत काम करणारा जपानी मेंदूशल्यविशारद महापौराला बाजूला ठेवून आधी आलेल्या गोळी लागलेल्या मुलाला वाचवतो. हुद्दा, ठरलेलं लग्न, मान सगळं जातं. काही वर्षांनी कळतं की वाचवलेला मुलगा खुनी निघाला. डॉक्टरनं चूक केली का? मालिका 74 भाग हा एकच प्रश्न उलटसुलट करते, आणि प्रत्येक भागात एखादा पोलीस, एखादा म्हातारा सैनिक, एखादी अनाथ मुलगी असं नवं माणूस उभं करते. लांबी जास्त आहे हे खरं. मधले काही भाग वगळले तर नुकसान होणार नाही. पण रोजच्या मालिकेत सासूचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवण्यात जो वेळ जातो, त्या मानानं हा खर्च सत्कारणी लागलेला आहे.

अमेरिकेची वाट वेगळी. तिथे मोठ्यांचं कार्टून विनोदातून आलं. 'फ्लिंटस्टोन्स' 1960 ची, 'सिम्प्सन्स' 1989 पासून आजपर्यंत चालू. टोमणा मारायचा आणि पुढच्या आठवड्यात सगळं पूर्ववत, हा तिथला नियम. तो 'बोजॅक हॉर्समन'नं मोडला. 2014 ते 2020 या काळात सहा पर्वं चाललेल्या या मालिकेचा नायक घोड्याच्या तोंडाचा, उतरणीला लागलेला दारुडा नट आहे. पहिले काही भाग चावट विनोद वाटतात आणि बरेच लोक तिथेच सोडून देतात. मग हळूहळू लक्षात येतं की इथे काहीही पूर्ववत होत नाही. त्यानं दुखावलेली माणसं दुखावलेलीच राहतात. त्याच्या आईला स्मृतिभ्रंश होतो त्या भागात आपण तिच्या डोक्यात शिरतो. जी माणसं तिला आठवत नाहीत त्यांचे चेहरे कोरे, आणि ज्या बाईला आठवायचं नाही तिच्या चेहऱ्यावर काळी गिचमिड. घरात असं म्हातारं माणूस सांभाळलेल्यांना हे बघताना काय वाटतं ते लिहिण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याला हे जमणार नाही, एवढंच म्हणतो. ॲनिमेशन का, याचं याहून सरळ उत्तर मला सापडलेलं नाही.

'आर्केन' हे दुसरं टोक. पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओनं संगणकी देहांवर हातानं रंगवल्यासारखा पोत चढवून 2021 मध्ये दोन बहिणींची आणि दोन भागांत फाटलेल्या शहराची गोष्ट सांगितली. तिला एमी पुरस्कार मिळाला. दोन पर्वांचे मिळून 18 भाग आणि खर्चाचा जो आकडा छापून आला तो 25 कोटी डॉलरचा. चित्र काढणं स्वस्त असतं हा समज यानंतर तरी सोडायला हरकत नाही. मला पहिलं पर्व फार आवडलं. दुसऱ्यात घाई झाली.

आता दुसरी बाजू. मोठ्यांसाठी म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच वयात येणाऱ्या पोरांचं आहे. धडाधड उडणारी मुंडकी, बायकांची बेढब अंगं, आणि दर तिसऱ्या वाक्याला जगाच्या अंताची भाषा. गांभीर्य आणि अंधार यांत गल्लत करणारे निर्माते पुष्कळ आहेत. जपानी स्टुडिओंत तरुण चित्रकारांना मिळणारा तुटपुंजा मेहनताना आणि रात्रंदिवसाची जुंपणी हा तर तिथे उघड चर्चेचा विषय आहे. आपण एका बैठकीत संपवतो त्या पर्वात कुणाच्या तरी कित्येक रात्री गेलेल्या असतात.

घराशी संबंधित एक गोष्ट तातडीची आहे. कार्टून आहे म्हणून आठ वर्षांच्या मुलाच्या हातात 'अटॅक ऑन टायटन' देणारे पालक मी पाहिले आहेत. त्यात पहिल्याच भागात पोरासमोर त्याच्या आईला राक्षस खातो. 2021 च्या नियमांनुसार ऑनलाइन मंचांवर वयाची खूण द्यावी लागते: 7, 13, 16 वर्षांवरील किंवा फक्त प्रौढांसाठी. ती कोपऱ्यात असते, बारीक अक्षरात. तेवढी वाचावी.

आपल्याकडे आज काय आहे? 'द लेजंड ऑफ हनुमान' 2021 पासून आली, मराठीतही, आणि हिंदीत शरद केळकरांच्या आवाजामुळे तिचा रावण लक्षात राहतो. 2025 च्या जुलैमध्ये 'महावतार नरसिंह' थिएटरात आला आणि तीनशे कोटींच्या पुढे गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात 'डीमन स्लेयर'चा नवा सिनेमा हिंदी, तमिळ, तेलुगू आवाजांत इथे चालला. तिकीट काढणारा मोठा माणूस आहे, एवढं बाजाराला कळलं. पण त्यावरून बाजार काय शिकेल तर आणखी देव आणि आणखी असुर. देवादिकांशी माझं भांडण नाही, गडाच्या पायथ्याच्या तालुक्यात राहून ते परवडणारही नाही. मात्र पुराणात शेवट आधीच ठाऊक असतो आणि बरोबर कोण तेही. 'मॉन्स्टर'च्या डॉक्टरला पडलेला प्रश्न तिथे पडू शकत नाही.

अपवाद एक, आणि तो मुंबईचा. गीतांजली राव जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, सत्यदेव दुबेंच्या नाटकांत वावरल्या. त्यांचा 'बॉम्बे रोज' 2019 मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहात पहिला दाखवला गेला आणि 2021 च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आला. बालविवाहातून पळून आलेली, गजरे विकणारी कमला आणि काश्मिरातून आलेला सलीम. चौकट न् चौकट हातानं रंगवलेली. मुंबईची गर्दी, पाऊस, जुन्या हिंदी गाण्यांचं वेड असलेली म्हातारी बाई. गोष्ट मध्येच सैल पडते, प्रेमकथेचा शेवट मला ओढून आणल्यासारखा वाटला. तरी सिग्नलवर फुलं विकणारी मुलगी यापुढे नुसती सिग्नलवरची मुलगी राहत नाही, हे त्या सिनेमाचं यश. असं काम मालिकेच्या लांबीचं झालं तर? आजवर झालेलं नाही.

कौशल्य नाही म्हणावं तर तेही खरं नाही. पुण्या-मुंबईत स्टुडिओ आहेत, ॲनिमेशनचे वर्ग आहेत, तालुक्यातली पोरं तिथे शिकून परदेशी कंपन्यांच्या चौकटी भरतात. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये ॲनिमेशन, गेमिंग वगैरेंसाठी 3,268 कोटींचं धोरण मंजूर केलं. त्यात जागा, सवलती, रोजगार यांची भाषा भरपूर आहे. गोष्ट लिहिणाऱ्याला त्यातून काय मिळेल हे बघावं लागेल. तेझुकांकडे पैसा नव्हता, पण दर आठवड्याला सांगायला गोष्ट होती, आणि बघणाऱ्याला ती कळेल असा भरवसा होता.

आणि गोष्टी इथे पडलेल्याच आहेत. चणकापूर धरणासाठी जमिनी गेलेल्या घरांची चौथी पिढी, चाळीत सडणाऱ्या कांद्याशेजारी भावाची वाट बघणारा बाप, बोहाड्यात वर्षानुवर्षं देवीचं सोंग घेणारा आणि उरलेले दिवस द्राक्षबागेत मजुरीला जाणारा माणूस. यांतल्या कुठल्याही एकावर आठ भाग होतील. नट मिळणार नाही, सेट परवडणार नाही, या सबबी चित्राला लागू नाहीत.

तोवर बघणाऱ्यांना एक सांगणं. 'बॉम्बे रोज'पासून सुरुवात करा, मग 'विनलँड सागा'चं दुसरं पर्व लावा. पहिलं पर्व आधी बघावं लागेल, त्याला इलाज नाही. मोबाईलवर एकट्यानं बघू नका. घरातल्या ज्या म्हाताऱ्यानं नांगर धरलेला आहे त्याला शेजारी बसवा, हिंदी आवाज मिळाला तर तो लावा, नाहीतर खालची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवा, आणि गहू पेरण्याचा भाग आला की त्याला विचारा, ही माणसं बरोबर पेरतायत का.